बोलन ना, घाई काय हाये!

माझ्या क्लिनिकमधल्या खेळण्यांच्या टोपलीत दर महिन्याला एखादं असं खेळणं निघतं, जे आम्ही कधी आणलेलंच नसतं. तीन चाकांचा ट्रॅक्टर, सोंड तुटलेला हत्ती. कोणतं पोर विसरून गेलं, पत्ता लागत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे बघा. आपण काही जमवायला बसत नाही. लोक येतात, बोलतात, जातात आणि मागे काहीतरी ठेवून जातात. संध्याकाळी शटर ओढताना शबाना माझ्याकडे बघते आणि म्हणते, "मॅडम, आज तो हद हो गई!"

शबाना ही माझी असिस्टंट. खामगावचीच. फोन, अपॉइंटमेंट, रडणारी पोरं, रागावलेले आजोबा, सगळं तीच सांभाळते. मी मूळची चिखलीची. शिकायला बाहेर गेले आणि परत जिल्ह्यातच आले. एका मेडिकल स्टोअरच्या वर माझं क्लिनिक आहे. लहान मुलांचे कान तपासायचे आणि उशिरा बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या, अजिबात न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, हे माझं काम.

आणि या कामात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच. आजी म्हणते, आजोबा म्हणतात, शेजारीण म्हणते, कधीकधी शाळेतले सरसुद्धा म्हणतात, "बोलन ना, घाई काय हाये!"

नावं सगळी बदलून सांगते. धक्के मात्र जसे बसले तसेच सांगते.

* * *

बोर्ड नवीन लावला होता तेव्हाची गोष्ट. त्यावर मोठ्या अक्षरात 'स्पीच थेरपी'. एक पांढऱ्या कपड्यातले काका जिना चढून आले, खांद्यावर दुपट्टा, बोटाला धरून तीन वर्षांचा नातू.

"मॅडम, तुमी स्पीच शिकवता ना?"

"हो, शिकवते की."

"मंग मले शिकवा. सरपंचकीले उभं राह्याचं हाये. घरी मस्त बोलतो मी, पण माईक हाती आला का पाय लटपट कराले लागतात!"

मी हसू दाबलं. ते मात्र उभं राहून मला नमुना दाखवायला लागले. "माह्या बंधू आणि भगिनींनो..." तेवढ्यात नातवानं त्यांचा हात धरला, ओढत पाण्याच्या जारपाशी नेला आणि आजोबांचा पंजाच नळावर ठेवला. तोंडातून आवाज नाही, बोट दाखवणं नाही, आजोबांकडे बघणंसुद्धा नाही. हात म्हणजे जणू एखादा चमचा! मी त्याला नावानं हाक मारली. एकदा, दोनदा. त्यानं वळून पाहिलं नाही.

"काका, हा बोलतो का?"

"अजून नाही. बोलन ना, घाई काय हाये!"

मग मी त्यांना समजावलं. तीन वर्षांचं मूल छोटी छोटी वाक्यं बोलतं. त्याच्या खूप आधी ते हवी ती वस्तू बोटानं दाखवतं, हाक मारली की बघतं. तुमचं भाषण राहू द्या, आधी याला माझ्याकडे आणा.

काकांनी नातवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच कळेना.

"याले? याले काय भाषण करायचं हाये?"

त्या दिवशी शबाना आणि मी पोट धरून हसलो. पण पोर काही परत आलं नाही. फोन केले, उचलले नाहीत. शेवटी निकाल लागल्यावर काका आले, नातवाला कडेवर घेऊन.

"पडलो मॅडम! आता टाइमच टाइम हाये. याचं पाहा."

ते आत गेल्यावर शबाना हळूच म्हणाली, "मॅडम, जिंकले असते तर?"

* * *

नांदुऱ्याकडचा आयुष. अडीच वर्षांचा, एक शब्द नाही. त्याच्या आजीला कोणीतरी सांगितलं, पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घाला, पोरगं पोपटासारखं बोलतं. आता रोज पोपटाचा उष्टा पेरू आणायचा कुठून? घरात पिंजराच आला!

मी म्हटलं, "आजी, पोपट पाळणं गुन्हा आहे."

"आमी कुठी पाळला? थो स्वतःच आला!"

"पिंजरा घेऊन?"

आजी पदर नीट करायला लागली.

मी आयुषचे कान तपासले. ते ठणठणीत होते. घरी काय करायचं ते सांगितलं, पण आजीचा विश्वास पेरूवरच होता. काही महिने कोणीच फिरकलं नाही. मग एक दिवस आयुषची आई त्याला घेऊन एकटीच आली. मी विचारलं, "काही फरक?"

ती म्हणाली, "आहे मॅडम. पोपट बोलाले लागला."

मी फस्सकन हसले. ती हसली नाही. म्हणून मी विचारलं, "काय बोलतो?"

"दोनच गोष्टी म्हणते. एक म्हणजे, 'आयुष बोल! आयुष बोल!'"

"आणि दुसरी?"

तिनं मान खाली घातली. "मुकाच राह्यतं का बे?"

पोपट आपल्या मनानं काही बोलत नाही हो. घरात जे सारखं कानावर पडतं तेच उचलतो. त्या घरात दिवसभर लेकराशी एवढंच बोललं जात होतं! ही पोळी, ती गाय, गाय आली, पोळी गरम आहे, असं कोणी बोलतच नव्हतं. नुसती परीक्षा चालू होती.

मी त्या दिवशी घराला एकच पथ्य दिलं. आयुषला 'बोल' म्हणायचं नाही. त्याच्याशी बोलायचं. पिंजराही उघडला गेला. पण तो पोपट जवळच्याच कडुलिंबावर राहिला आणि अधूनमधून कुंपणावर येऊन जुनंच विचारत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात आयुषच्या आईचा फोन आला. आवाजात रडू आणि हसू एकदमच. "मॅडम, आज थो पोपट आला, म्हणाला मुकाच राह्यतं का. तर आयुषनं त्याले सांगतलं..."

"काय?"

"चूप बे!"

दोन शब्दांचं वाक्य! मी शबानाला पेढे आणायला पिटाळलं.

* * *

मलकापूरचं एक जोडपं. कापडाचं दुकान, मुलगा साडेतीन वर्षांचा, रेयांश. वडील आल्या आल्या जरा घुश्शातच होते. "स्कूलवाल्यांनी उगाच पाठवलं. याच्या बोलण्यात काय प्रॉब्लेम नाही. उलट इंग्लिश बोलते!"

आणि खरंच बोलला की! ए टू झेड, रंग, आकार आणि शेवटी सगळे ग्रह. तेही असे की परदेशातल्या मुलानं म्हणावेत. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता बोला!

मी विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

"मर्क्युरी."

"आई कुठाय?"

"व्हीनस."

वडील म्हणाले, "मस्ती करून राह्यला."

दुपारची वेळ, उकाडा मरणाचा. थोड्या वेळानं रेयांश कासावीस झाला. पाण्याची बाटली आईच्या पिशवीत होती, वरून तिचं झाकण दिसत होतं. तो बाटलीकडे बघायला लागला. आईचा हात पिशवीकडे गेला, तर मी खुणेनं म्हटलं, जरा थांबा. त्याला मागू द्या.

त्यानं आईची ओढणी ओढली. चेहरा लाल झाला. मग तो रडायला लागला आणि हुंदके देत म्हणाला, "मर्क्युरी... व्हीनस... अर्थ... मार्स..."

पोरगं पाणी मागत होतं हो! त्याच्याकडे जेवढे शब्द होते तेवढे सगळे वापरून मागत होतं. दिवसभर बघितलेल्या मोबाईलनं त्याला आकाशातले ग्रह दिले होते, पण घोटभर पाणी मागायचा शब्द दिला नव्हता. कारण मोबाईलकडे पाणी कोण मागतं?

आईनं बाटली दिली. या वेळी मी थांबवलं नाही. वडील उठून बाहेर गॅलरीत गेले. बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. परत आले आणि रेयांशच्या शेजारी बसले.

"मॅडम, याले तर पाणीच मागता येत नाही."

* * *

हा जरा हलका सांगते, नाहीतर तुम्ही उठून जाल.

डोणगावच्या दोन जुळ्या बहिणी. तीनला आलेल्या. आजोबा घेऊन आले. म्हणे दिवसभर एकमेकींशी बोलतात, हसतात, भांडतात, पण काय बोलतात ते घरात कोणालाच कळत नाही. असं होतं जुळ्यांत. दोघींचं दोघीत भागतं, तिसऱ्याची गरज पडत नाही, मग त्यांची आपसातलीच एक भाषा तयार होते.

मी विचारलं, "मग आधी का नाही आणलं?"

आजोबा म्हणाले, "आमाले वाटलं तेलुगू हाये."

"काय?"

"गावातल्या एकानं सांगतलं, मागच्या जन्मीचं असते असं. मंग हैदराबादले कामावर राह्यलेला एक माणूस होता, त्याले बोलावला. चहा-पोहे दिले. थो बसला पोरींच्या मधात, डोळे मिटून आयकलं त्यानं."

"मग?"

"म्हणे थोडं थोडं समजून राह्यलं. जेवणाचं चालू हाये म्हणे!"

या भरवशावर घर एक वर्ष निवांत होतं!

मी थक्क होऊन शबानाकडे पाहिलं. ती पोरींकडे कान देऊन गंभीरपणे उभी होती.

"मॅडम, मुझे तो उर्दू लगी!"

* * *

सलीम मिस्त्री जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. मशीन बिघडलं की त्यालाच बोलावतात, म्हणून राहायची खोलीही जिनिंगच्या आवारातच. कापसाचा सीझन सुरू झाला की तिथे असा धडधडाट, की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही. त्याचा मुलगा अरमान, तीन वर्षांचा, तोंडातून शब्द नाही. सलीमभाईंना एकच भीती, आवाजानं पोराचे कान गेले.

मी तपासले. कान उत्तम! सलीमभाईंचे डोळेच भरून आले.

मग मी अरमानशी खेळायला बसले. बोलत होते, बोलत होते, ठोकळे दाखवत होते. थोड्या वेळानं त्यानं हात वर केला आणि मनगट असं गर्रकन फिरवलं. मला वाटलं नाचतोय. मीही फिरवलं. तो वैतागला, पुन्हा जोरात फिरवलं. इकडे सलीमभाई कानापर्यंत लाल!

"काय म्हणतोय हा?"

"काही नाही मॅडम."

"सांगा ना."

"थो म्हणून राह्यला... मशीन बंद करा."

मशीन म्हणजे मी!

मग एकेक उलगडत गेलं. जिनिंगमधले कामगार आवाजामुळे खुणांनीच बोलतात. बंद कर, चालू कर, पट्टा सरकला, चहा आण, शेठ आले. या पोराला सगळ्या खुणा येत होत्या! त्यानं शबानाला चहाची खूणही केली. बोलायचं खूप काही होतं त्याच्याकडे, नुसता आवाज लावायचा असतो हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं.

मी त्याच्या अम्मीला विचारलं, "सीझन नसतो तेव्हा तरी तुम्ही त्याच्याशी बोलता ना?"

ती म्हणाली, "हमको लगा सुनता नहीं. तो हमने भी बोलना छोड़ दिया."

पोर बोलत नाही म्हणून आई गप्प आणि आई गप्प म्हणून पोर! मी डोक्याला हात लावला. सीझनभर अरमान मशीनच्या धडधडाटापासून दूर, जलंबला मामाकडे राहिला आणि तिथून रोज इथे आला. आता त्याचं तोंड एकदा सुरू झालं की सलीमभाईच कधीकधी मनगट फिरवून दाखवतात.

* * *

बुलढाण्याची पीहू. साडेचार वर्षांची, गुबगुबीत, डोळे टपोरे. तिच्या बोलण्यात सगळीकडे 'त'. काका म्हणजे ताता, खाऊ म्हणजे ताऊ. घरच्यांना त्याचं एवढं कौतुक, की सगळं घरच तिच्यासारखं बोलायचं. काका तर तिचे व्हिडिओ करून टाकायचा. लोक हसणारे इमोजी पाठवायचे.

तिला आणलं ते शाळेच्या आग्रहामुळे. बाईंना तिचं काही समजत नव्हतं. हेच तर लक्षात ठेवायचं असतं. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसालाही बहुतेक सगळं कळायला पाहिजे. फक्त आईलाच कळत असेल, तर ते गोड वाटलं तरी तपासून घ्यावं.

काका म्हणाला, "मॅडम, आजचा नवीन डायलॉग ऐका! परवापासून लावलाय. पीहू, बोल ना."

पीहू माझ्याकडे बघून म्हणाली, "तुत्ता तावला."

सगळे हसले. आई म्हणाली, "कुठं ठेवला, असं म्हणते ती." मोबाईलही निघाला. कालचा व्हिडिओ फार चालला म्हणे.

पण पीहू हसत नव्हती. तिनं फ्रॉक जरा वर केला, पोटरीवर बोट ठेवलं आणि पुन्हा म्हणाली, "तुत्ता तावला."

मी खाली वाकले. पोटरीवर दोन बारके डाग होते, वर खपली धरलेली.

"पीहू, कुत्रा चावला?"

तिनं अशी मान हलवली म्हणता! जोरजोरात, पुन्हा पुन्हा. आणि मग भोकाडच पसरलं. दोन दिवस ती घरभर सांगत फिरत होती, कुत्रा चावला, कुत्रा चावला. आणि घर टाळ्या वाजवत होतं!

आईच्या तोंडाचा रंग उडाला. मी म्हटलं, बाकी सगळं नंतर, आधी दवाखाना. जखम साबणानं धुवा आणि थेट इंजेक्शन. काकानं तिला उचललं आणि जिना कसा उतरला त्याचं त्यालाच माहीत.

पीहू सुखरूप आहे. सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली. थेरपीलाही ती मन लावून आली, 'क' तर असा ठसठशीत म्हणते आता! काकानं ते सगळे व्हिडिओ काढून टाकले. एकदा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, त्या व्हिडिओत ती शेवटी पाय दाखवून राह्यली होती हो. मीच कट करून टाकला होता तेवढा भाग."

* * *

एक आई होती. गाव सांगत नाही. मुलगा चार वर्षांचा, ओम. आत आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढे धरला. काच तडकलेली. व्हिडिओत दीड वर्षाचं गोंडस पोर, हातात बिस्कीट. "आई... भू भू... दे..."

"कोण हा?"

"हाच."

ओम कोपऱ्यात बसून ट्रॅक्टरचं चाक फिरवत होता. फिरवत होता आणि फिरवतच होता.

"बोलत होता मॅडम. मंग एकेक शब्द कमी होत गेला. आधी भू भू गेलं. मंग दे गेलं. आई शेवटाले गेलं. सासूबाई म्हणे नजर लागली. ह्यांची आत्या म्हणे दात येऊन राह्यले. सगळे म्हणे बोलन, घाई काय हाये."

उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत घरचे थांबतात, ते समजू शकते मी. पण आलेले शब्द जायला लागले, तर त्यासाठी एक आठवडासुद्धा थांबायचं नसतं. आणि ही बाई दोन वर्षं सगळ्यांचं ऐकत बसली होती. मला राग कोणाचा यावा, तेच कळेना.

मी म्हटलं, "हा फोन तडकलाय, व्हिडिओ दुसरीकडे घेऊन ठेवा."

ती म्हणाली, "नवीन आणला ह्यांनी. मीच घेत नाही. आवाज ह्याच्यात हाये त्याचा."

शबाना उठून बाहेर गेली.

ओमचं काम सोपं नाही, आणि लवकर संपणारंही नाही. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, ऑटिझमचं निदान झालं, थेरपी चालू आहे. आवाज अजून परत आलेला नाही. आम्ही त्याला चित्रं शिकवतो. पाणी हवं तर पाण्याचं चित्र उचलून द्यायचं, झोका हवा तर झोक्याचं. त्या ढिगात मी त्याच्या आईचा एक फोटोही ठेवला होता.

एका सोमवारी त्यानं सगळी चित्रं बाजूला केली, तो फोटो उचलला आणि नेऊन आईच्या हातात ठेवला.

तिनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हे बोलणंच झालं ना?"

* * *

आता हा शेवटचा. हा सांगितला की मला दुसरं काही सांगवत नाही.

मेहकरकडच्या एका खेड्यातून आजी, तिचा मुलगा गजानन आणि तीन वर्षांचा नातू सोहम असे तिघं आले. आले म्हणजे काय, आजी रस्त्यावर असतानाच आम्हाला वर ऐकू आल्या. असा आवाज की टेबलावरच्या बरणीतले मणी हलावेत!

"मॅडम, आमच्या खानदानातच उशिरा बोलतात!" आजींनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. "हा गजानन पाच वर्साचा झाला तवा बोलला. काही अडलं का त्याचं? वावर करते, ट्रॅक्टर चालवते, लगन झालं. मंग सोहमची काऊन घाई? पण सून आयकत नाही, म्हणून आणला."

गजानन आईच्या तोंडाकडे बघून हसत होता. चांगला उंचापुरा, तिशीचा.

मी खाली बघून सोहमची माहिती लिहीत होते. लिहिता लिहिता विचारलं, "गजाननभाऊ, हा हाकेला बघतो का?"

उत्तर आजींनी दिलं. "कधी पाह्यते, कधी नाही. आपल्या नादात राह्यते. बापावर गेला. ह्याले बी मास्तर म्हणे, लक्षच देत नाही. तिसरीतून काढून टाकलं. पण स्वभावानं लय गरीब मॅडम! आजवर मले कधी उलटून बोलला नाही."

मी सोहमला गजाननच्या मांडीवर बसवलं. शबाना समोर बसून बाहुली नाचवायला लागली आणि मी पाठीमागे जाऊन घंटी वाजवली.

सोहमनं वळून पाहिलं नाही.

पुन्हा वाजवली. नाही. मग डमरू घेतला. तो जवळून वाजला की मोठी माणसंसुद्धा दचकतात. सोहम बाहुलीकडेच बघत होता.

आणि शबानाचा हात एकदम थांबला. ती सोहमकडे बघत नव्हती. ती गजाननकडे बघत होती.

तोही वळला नव्हता.

मी डमरू पुन्हा वाजवला, अगदी त्याच्या डोक्यामागे. गजानन बाहुलीकडे बघून हसत होता.

मी म्हटलं, "आजी, बापाचेही कान बघू."

"त्याचे काऊन? लेकराचे पाहा ना!"

दोघांचेही पाहिले. बंद खोलीत बसवून, हेडफोन लावून, रीतसर. बापलेकाचे ग्राफ शेजारी शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा ते ओळखू येईना. मी आजींना सांगितलं, सोहमला खूप कमी ऐकू येतं. गजाननलाही. आणि त्याला जन्मापासूनच कमी येत असणार. तो तुमचे ओठ बघून समजून घेतो, आणि तुम्ही मोठ्यानं बोलता म्हणून थोडंफार पोचतं.

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"म्हणजे मंग शाळेत..."

"हो आजी. ऐकूच येत नव्हतं."

मग त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका लहान होता की मला पुढे वाकावं लागलं, "मी लय मारलं याले मॅडम. लहानपणी. आयकत नाही म्हणून."

सोहमला पुढे दोन्ही कानांना मशीन बसलं. आता तो शबानाचं डोकं खातो. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. माझ्याकडे ट्रायलसाठी ठेवलेलं कानाचं मशीन होतं. गजाननच्या कानाला ते लावलं आणि सुरू केलं.

तो ताठ झाला. आधी वर पंख्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं, खाली भाजीवाला ओरडत होता. मग मांडीवरच्या सोहमकडे पाहिलं, पोरगं टाचेनं खुर्चीचा पाय वाजवत होतं. गजाननचं तोंड उघडं राहिलं.

आजींना राहवेना. त्या उठून त्याच्या अगदी पुढ्यात आल्या आणि जन्मभराच्या सवयीनं ओरडल्या, "गजाननाऽऽ! आयकू येते का रेऽऽ?"

गजानन केवढ्यांदा दचकला! दोन्ही हात कानांवर गेले. मग त्यानं ते हळूहळू खाली घेतले आणि आईकडे बघून म्हणाला,

"माय, हळू बोल ना. मी इथीच हाये."